तिकिटामागे लिहिलेले सुट्टे पैसे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. साताऱ्यातले ७१ वर्षांचे निवृत्त एसटी कंडक्टर माने आणि त्यांच्या शेजारच्या खोलीत आईबरोबर भाड्याने राहायला आलेला १० वर्षांचा ओम, या दोघांच्या मैत्रीवर तुम्ही पटकथा लिहिली. ३ ड्राफ्ट झाले, ४ ठिकाणी नरेशन झालं, म्हणजे निर्मात्यांना ती वाचून दाखवली. सगळे म्हणाले, "फार गोड आहे." एका निर्मात्याच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. नंतर फोन मात्र कोणाचाच आला नाही. चुकतंय कुठे?

पटकथा दोनदा वाचली. आधी एक सांगून टाकतो. "फार गोड आहे" हा आमच्या धंद्यातला सगळ्यांत सभ्य नकार. "जमलं नाही" म्हटलं तर भांडता तरी येतं. गोड म्हटल्यावर लेखक बिचारा काय बोलणार? चहा पितो आणि घरी जातो.

तुमचे सीन वाईट नाहीत. संवाद तर झकास आहेत, सातारी हेल कानाला बरोबर लागतो. पण बघा, आठव्या पानावर ओमचा चेंडू मान्यांच्या अंगणात जातो, नवव्या पानावर माने त्याला चिक्की देतात आणि विसाव्या पानापर्यंत दोघं गच्चीवर पतंग उडवायला लागतात. पानाला मिनिट धरलं तर जी मैत्री बघायला प्रेक्षक येणार ती पहिल्या २० मिनिटांतच होऊन गेली. उरलेल्या ऐंशी पानांचं काय करायचं? म्हणून ७८व्या पानावर मान्यांना हार्ट अटॅक येतो. तो अटॅक मान्यांना आलेला नाही, पटकथेला आलेला आहे. दोन माणसांत देणंघेणं काही शिल्लक नसलं की लेखक हॉस्पिटल गाठतो. मीही गाठलंय, ते पुढे सांगतो.

माझं म्हणणं एवढंच. म्हातारं माणूस आणि परकं पोर यांच्या मैत्रीचा सिनेमा वरून मायेचा दिसतो, आतून तो उधारीचा असतो. कोण कोणाचं काय लागतं, ते कधी आणि कसं घेतलं, फेडायची ऐपत आहे का, आणि फिटल्यावर एकमेकांच्या दारात यायला कारण उरतं का. हा हिशेब पक्का असेल तर माया लिहावी लागत नाही. हिशेब नसेल तर चिक्की वाटावी लागते.

उदाहरण म्हणून एकच सिनेमा नीट उलगडतो, वॉल्टर सालेस या ब्राझिलियन दिग्दर्शकाचा १९९८ सालचा 'सेंट्रल स्टेशन'. पाहिला नसेल तर हे वाचणं इथेच थांबवा आणि तो बघून या, कारण मी शेवटापर्यंत सगळं सांगणार आहे. बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात त्या वर्षी त्याला सर्वोत्तम चित्रपटाचं गोल्डन बेअर मिळालं, डोराचं काम करणाऱ्या फर्नांडा मॉन्टेनेग्रोंना अभिनयाचं सिल्व्हर बेअर, आणि पुढे ऑस्करचं नामांकनही. पण आपल्याला बक्षिसांशी काही करायचं नाही, खाली चाललेल्या हिशेबाशी करायचं आहे.

डोरा ही निवृत्त शिक्षिका. रिओ दि जानेरोच्या मोठ्या रेल्वे स्टेशनात छोटं टेबल टाकून बसते आणि लिहिता न येणाऱ्यांची पत्रं लिहून देते. मुंबईत जीपीओसमोर ताडपत्रीखाली बसणारे पत्रलेखक ज्यांनी पाहिलेत त्यांना हे वेगळं समजावायला नको. मनीऑर्डरचा फॉर्म आणि त्याबरोबर गावी धाडायच्या चार ओळी, एवढ्यातून माणसं परक्यासमोर आपलं घर उघडं करत. डोरासमोरही लोक तसेच बसतात. चित्रीकरणाच्या वेळी स्टेशनातले खरेखुरे प्रवासी त्या टेबलाशी येऊन पत्रं सांगायला लागले आणि त्यातले चेहरे सिनेमात आले. आता गंमत बघा. ही बाई पैसे मोजून घेते आणि पत्रं टाकतच नाही. घरी नेते, शेजारीण इरेनेबरोबर मोठ्याने वाचते, दोघी हसतात. काही पत्रं फाडली जातात, काही खणात पडून राहतात.

म्हणजे पोरगा कथेत नीट शिरायच्या आधीच डोरा अख्ख्या शहराची देणेकरी आहे. लेखकांनी तिला बिचारी, एकटी, प्रेमाची भुकेली असं काही दाखवलेलं नाही. ती कावेबाज आहे, तिच्या जिभेला धार आहे, आणि ती लबाड आहे. एकटी आहेच, पण ते आपण ओळखायचं.

तिच्याकडे आना नावाची बाई ९ वर्षांच्या जोझुएला घेऊन येते आणि मुलाच्या दूर राहणाऱ्या बापाला पत्र लिहून घेते. थोड्याच वेळात स्टेशनाबाहेर बसखाली सापडून आना मरते. पोरगा स्टेशनात उरतो. इथे तुम्ही किंवा मी असतो तर डोराने त्याला पोळी खाऊ घातली असती. सिनेमातली डोरा त्याला घरी नेते खरी, पण पुढचं काम असं करते, की दत्तक देण्याच्या नावाखाली मुलं घेणाऱ्या जोडप्याला त्याला विकते. आलेल्या पैशातून घरात नवा टीव्ही आणते.

हा सीन मी माझ्या वर्गात दाखवतो तेव्हा कोणीतरी हमखास म्हणतं, "सर, इथे प्रेक्षक तुटेल." उलट आहे. इथे प्रेक्षक अडकतो. आता डोराचं त्या मुलाशी असलेलं नातं तोडणं तिच्याही हातात राहिलेलं नाही. माया विसरता येते. विकलेलं पोर कसं विसरणार? शिवाय तो टीव्ही समोर आहे, चालू आहे, रंगीत आहे. अपराधाला लेखकांनी घरातल्या एका वस्तूचं रूप दिलंय आणि ती वस्तू बोलत राहते.

इरेने तिला घाबरवते. एवढ्या मोठ्या पोराला दत्तक कोण घेतंय, अवयवांसाठी मारतील. दुसऱ्या दिवशी डोरा जाऊन मुलाला पळवून आणते. इथेही मायेचा पूर वगैरे काही नाही. रात्रभर झोप लागली नाही म्हणून गेलेली बाई आहे ती. आता ज्यांचे पैसे घेतले ते मागे लागणार, म्हणून शहर सोडणं भाग. म्हणजे बापाच्या शोधात ईशान्य ब्राझीलकडे निघालेला हा प्रवास डोराच्या बाजूने चक्क पळून जाणं आहे. दोघं एकाच बसमध्ये बसलेत, पण दोघांची निघायची कारणं वेगळी. हे लक्षात ठेवा, कारण तुमच्या मान्यांचं आणि ओमचं पतंग उडवायचं कारण एकच आहे: दोघांना मजा येते. ज्या सीनमध्ये दोघांनाही एकच हवंय त्या सीनमध्ये बघण्यासारखं काय उरतं?

वाटेत ती त्याला एकदा सोडून द्यायचा प्रयत्नही करते. बसच्या ड्रायव्हरकडे पैसे देते आणि आपण मागे राहते. पोरगा तिच्या मागोमाग उतरतो आणि पैशांची पिशवी बसमध्येच राहते. कोणी कोणाला मिठी मारत नाही. पैसे गेले, एवढीच वस्तुस्थिती. पण त्या क्षणापासून दोघं एका पातळीवर येतात, कंगाल. पुढे पोरगा दुकानातून खायला चोरतो, डोरा त्याला झापते आणि मग स्वतः त्याहून जास्त उचलते. त्यांना गाडीत घेणारा एक देवभोळा ट्रक ड्रायव्हर भेटतो. डोराला तो आवडायला लागतो. खाणावळीत ती त्याच्या हातावर हात ठेवते, दुसऱ्या एका बाईची लिपस्टिक मागून लावते, बाहेर येते तर ट्रक निघून गेलेला. मोठ्या माणसाची अशी फजिती मुलाच्या देखत होणं, याला मी कथेतलं फार मोठं चलन मानतो. मुलाला अचानक कळतं की हिलाही कोणीतरी टाकून जाऊ शकतं.

सगळ्यात मोठा सीन जत्रेचा. हजारो मेणबत्त्या, नवस फेडायला आलेली गर्दी. भुकेने आणि संतापाने डोरा मुलाला नको ते बोलते, तो पळतो, त्याला शोधताना ती चक्कर येऊन पडते. जागी होते तेव्हा तिचं डोकं त्याच्या मांडीवर. इथे एखाद्या लेखकाने थांबून व्हायोलिन वाजवलं असतं. या लेखकांनी दुसऱ्याच सकाळी धंदा सुरू केला. पोरगा ओरडून गिऱ्हाईक जमवतो, डोरा भाविकांची पत्रं लिहिते, घरच्यांना आणि देवालाही. पैसे मिळतात. आणि या वेळी ती पत्रं पोस्टात पडतात.

शेवट. बाप सापडत नाही, पण जोझुएचे दोन मोठे सावत्र भाऊ सापडतात, सुतारकाम करणारे. बापाने कधीतरी आनाच्या नावाने पाठवलेलं पत्र त्यांच्याकडे आहे आणि दोघांना वाचता येत नाही. डोरा वाचून दाखवते. बापाने त्यात मोठ्या मुलांची आठवण काढली आहे. वाचता वाचता डोरा त्यात जोझुएचं नाव घालते.

इथे मी दर वेळी थांबतो. ही बाई सिनेमाच्या सुरुवातीला लोकांच्या शब्दांशी लबाडी करत होती, शेवटीही लबाडीच करतेय. कौशल्य तेच. आधी तिने लोकांचं प्रेम खणात कोंबलं, आता जे प्रेम कागदावर नाही ते वाचून दाखवते. अपराध ज्या हातांनी झाला त्याच हातांनी परतफेड. पात्र "बदललं" असं आपण म्हणतो तेव्हा ते चांगलं झालं असं धरून चालतो. डोरा चांगली वगैरे झालेली नाही. तिचं खातं त्या एका नावाने मिटलंय. म्हणूनच ती पहाटे मुलाला झोपेत सोडून निघून जाऊ शकते आणि आपल्याला राग येत नाही. बसमध्ये ती त्याला पत्र लिहायला बसते. इतका वेळ दुसऱ्यांची पत्रं लिहिणाऱ्या बाईचं ते स्वतःचं पत्र.

जोझुएचं काम करणाऱ्या मुलाबद्दलही सांगायला हवं. दीड हजाराहून जास्त मुलांच्या चाचण्या घेऊन झाल्या होत्या. शेवटी मिळाला तो विनिसियस दि ऑलिव्हेरा, रिओच्या विमानतळावर बुटांना पॉलिश करणारा आणि सालेसकडे सँडविचपुरते पैसे मागायला आलेला पोरगा. त्याने त्याआधी कधी अभिनय केला नव्हता. पडद्यावर तो एकदाही प्रेमळ दिसायचा प्रयत्न करत नाही, आणि मॉन्टेनेग्रो सत्तरीला टेकलेल्या असूनही त्याच्यासमोर आजीपणा करत नाहीत. दोन गिऱ्हाइकं भावावरून घासाघीस करतात तशी दोघं बोलतात.

हाच हिशेब इतरत्रही सापडेल, भरभर सांगतो. क्लिंट ईस्टवूडच्या 'ग्रॅन टोरिनो'मध्ये (२००८) तर तो उघडच मांडलाय. डेट्रॉइट भागातला खडूस म्हातारा वॉल्ट, फोर्डच्या कारखान्यातून निवृत्त. शेजारचा हमाँग, म्हणजे आग्नेय आशियातून आलेल्या जमातीतला, मुलगा थाओ टोळीच्या दबावाखाली त्याची गाडी चोरायला येतो आणि पकडला जातो. मुलाच्या घरचे त्याला वॉल्टकडे राबायला पाठवतात, इज्जतीची भरपाई म्हणून. वॉल्टला तो नकोच असतो. जपानच्या ताकेशी कितानोच्या 'किकुजिरो'त (१९९९) मुलाला आईकडे पोचवायला निघालेला बाप्या प्रवासाचे पैसे सायकलींच्या शर्यतीवर लावून घालवतो. सिनेमा तिथून सुरू होतो, मुलाचे पैसे उडवलेला माणूस आणि तो मुलगा. दोन्हीकडे मैत्रीच्या आधी चोरी आहे.

आणि आपल्याकडे म्हणाल तर याचा बाप आहे 'काबुलीवाला'. रवींद्रनाथांची कथा १८९२ ची. पडद्यावर १९५७ साली तपन सिन्हांनी बंगालीत आणली, १९६१ साली हेमेन गुप्तांनी हिंदीत, बलराज साहनींना घेऊन. सगळ्यांच्या लक्षात राहतो तो थैलीतला सुकामेवा आणि चिमुकली मिनी. मला वाटतं कथेचं खरं यंत्र दुसरीकडे आहे. मिनीचा बाप मेव्याबद्दल काबुली फेरीवाल्या रहमतला आठ आणे देतो आणि तो ते मिनीच्याच हातात ठेवून जातो. हाच रहमत चादरीची उधारी नाकारणाऱ्या माणसाला सुरा मारून तुरुंगात जातो. जगाशी त्याचा व्यवहार पै-पैचा आणि रक्ताचा, फक्त या पोरीशी व्यवहार नाही. सुटून येतो तो दिवस तिच्या लग्नाचा. बाप पुन्हा पैसे द्यायला जातो, तो पुन्हा नाकारतो आणि आपल्या मुलीच्या पंजाचा काळा ठसा उमटलेला कागद काढतो. मग बाप लग्नातली रोषणाई आणि बँड कापून त्याला घरी जाण्यापुरते पैसे देतो. घरातल्या बायका नाराज होतात. रवींद्रनाथांनी माया सांगितली ती अशी, रोषणाईच्या खर्चात.

आता आपल्या भाषेची एक खोच. आपल्याकडे कुठलंही पोर कुठल्याही म्हाताऱ्याला "आजोबा" म्हणतं. जीवनात ते फार छान आहे, पटकथेत फार महाग पडतं. ओमने नवव्या पानावर "आजोबा" म्हटलं आणि नातं फुकटात मिळालं. आता मान्यांनी त्याचे लाड केले नाहीत तरच नवल. २००४ च्या 'श्वास'मध्ये आजोबा आणि नातू सख्खे आहेत. ऑपरेशनने नातवाची दृष्टी जाणार आहे आणि त्याआधी त्याला जग दाखवून आणायला आजोबा त्याला हॉस्पिटलमधून घेऊन जातात. तिथे "हा माणूस या मुलासाठी इतकं का करतोय" असं कोणी विचारत नाही. ते रक्ताने आधीच सांगून टाकलेलं असतं आणि सिनेमा त्यामुळे थेट दुःखाला हात घालू शकतो. तुमच्या सिनेमात प्रेक्षकाने नेमका तोच प्रश्न विचारला पाहिजे. म्हणून ओमच्या तोंडून "आजोबा" काढून टाका. त्याला मान्यांना काय म्हणायचं ते कळू नये. "ओ", "अहो", चिडला की "कंडक्टर". किकुजिरोतल्या मुलाला त्या माणसाचं नाव शेवटी कळतं, तेही विचारल्यावर. ओमने एकदाच "आजोबा" म्हणावं असं तुम्हाला वाटत असेल तर ते शंभराव्या पानाच्या आसपास येऊ द्या, आणि शक्यतो मान्यांना ऐकू जाणार नाही अशा जागी.

माझ्या हॉस्पिटलची गोष्ट. १२-१३ वर्षांपूर्वी मी गिरणीतून बाहेर पडलेला म्हातारा आणि चाळीतली १२ वर्षांची मुलगी अशी पटकथा लिहिली होती. चित्रीकरण झालं. संकलनाला बसलो तेव्हा संकलकाने तिसऱ्याच दिवशी विचारलं, "ही पोरगी दुसऱ्या दिवशी परत का येते?" म्हटलं, तिला म्हातारा आवडतो म्हणून. तो म्हणाला, "ते मला कापता येत नाही आणि जोडताही येत नाही. दार वाजवते तेव्हा तिच्या हातात काय असतं ते सांग." हातात काहीच नव्हतं. अख्ख्या सिनेमात ती १४ वेळा दार वाजवते आणि १४ही वेळा रिकाम्या हाताने, हसत. शेवटी म्हाताऱ्याचं आजारपण पुढे ओढून आम्ही दुसरा अंक भरला. सिनेमा एक आठवडा टिकला. येणारे रडून जात होते, तक्रार नाही, पण ते कोणाला घेऊन परत आले नाहीत.

तेव्हापासून मी ड्राफ्ट वाचताना पेन्सिलने एवढंच करतो. एक पात्र दुसऱ्याकडे जातं त्या प्रत्येक सीनच्या बाजूला लिहितो, हातात काय आहे. फुटलेली काच, मागून नेलेला पाना, वाचता न आलेला मेसेज, परत करायचे २० रुपये. तुमच्या ड्राफ्टवरही लिहिलं. ११ भेटी आहेत, ९ वेळा हात रिकामा. एकदा चिक्की, एकदा डबा, आणि डबा ओमच्या आईने दिलेला. ओमचा स्वतःचा असा एकही जिन्नस नाही.

एक निव्वळ व्यवहाराची गोष्ट, जी नरेशनला कोणी बोलत नाही पण बजेट करणारा पहिली बघतो. तुमच्या ८४ सीनपैकी ७० सीनमध्ये ओम आहे. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि २०१७ च्या नियमांप्रमाणे बालकलाकाराला दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही, आणि सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. जिल्हा प्रशासनाची परवानगी लागते, मुलाच्या मानधनातला किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत जातो. नियम रास्त आहेत आणि पाळायचे आहेत. पण त्यामुळे तुमचं ३० दिवसांचं शेड्यूल ५० ला जातं. ओमशिवायचे सीन वाढवा. त्यात कथेचाही फायदा आहे, कारण देणं हे समोरचा माणूस नसतानाच जास्त टोचतं. डोरा रात्री जागी असते तेव्हा पोरगा घरात नाहीच.

आता तुमच्या ड्राफ्टकडे. आश्चर्य हे की लागणारं सामान तुमच्याकडे आहे, तुम्ही त्याच्यावरून चालत गेलात. चौदावं पान काढा. ओमला मान्यांच्या ट्रंकेत तिकिटांचा जुना ट्रे आणि चिमटा सापडतो. माने सांगतात, सुट्टे नसले की आम्ही उरलेले पैसे तिकिटामागे लिहून द्यायचो, उतरताना मागून घ्यायचे. ओम विचारतो, "आणि मागायला विसरले तर?" माने हसतात आणि तुम्ही पतंगावर जाता.

अहो, हाच तुमचा सिनेमा आहे! ३४ वर्षांच्या नोकरीत किती माणसं झोपेत उतरली असतील, घाईत, रडत, हातात पोर घेऊन. लोकांचे चार-आठ आणे आपल्या खिशात राहिलेला माणूस. त्याला लबाडही म्हणता येत नाही, त्याने मागितले असते तर दिलेच असते. डोराच्या खणाइतकी भरलेली जागा आहे ही. आणि हा प्रश्न मुलाने विचारलाय, ज्याला उत्तर हवंय.

तेव्हा चिक्की रद्द. चेंडूने काच फुटू द्या. माने रागावणार नाहीत, कंडक्टर रागावून काय करणार, ते कागदाच्या चिटोऱ्यावर रक्कम लिहून ओमच्या हातात देतील: १८० रुपये. ओमकडे पैसे नाहीत आणि आईला सांगायची सोय नाही, म्हणून तो काम करून फेडतो. मग पारडं फिरवा. मान्यांना पेन्शनसाठी हयातीचा दाखला मोबाइलवर द्यायचाय. ते त्यांना जमत नाही आणि शेजारीपाजारी कबूल करायची लाज वाटते. ओमला जमतं. "तुम्ही जिवंत आहात का" हे १० वर्षांच्या पोराने विचारून, चेहरा स्क्रीनसमोर नीट धरायला लावून, सिद्ध करायचं. हा सीन तुम्ही माझ्यापेक्षा चांगला लिहाल. त्याचे ओम ५० रुपये वजा करून घेतो. मान्यांना ते पटत नाही. घासाघीस होऊ द्या.

मध्यावर मान्यांकडून ओमचं काहीतरी वाईट झालं पाहिजे. माझ्या डोक्यात एक आहे, पण सक्ती नाही. ओमला बापाकडे जायचंय, पत्ता जुना आहे, आणि माने त्याला एकट्याला गाडीत बसवून देतात. ३४ वर्षं माणसं जागेवर बसवून देण्याची सवय. कंडक्टर ओळखीचा, स्टँड ओळखीचा, हरवणार कुठे? चांगलं करायला जाऊन, आपल्याच कसबाच्या घमेंडीतून झालेली चूक. तिकडे बाप नसतो. पोरगा परक्या स्टँडवर रात्र काढतो. ओमची आई मान्यांच्या दारात येते तेव्हा तिच्या हातात मान्यांकडचा एक रिकामा डबा असू दे, परत करायला आलेली. तिला फार बोलायला लावू नका.

आणि शेवटाला त्यांना पुन्हा एसटीत बसवा. तुम्ही हे कसं सोडलंत कळत नाही: दोघांनाही अर्धंच तिकीट लागतं. ओम बाराच्या आत आणि माने पासष्टीच्या पुढे, पण पंचाहत्तरीच्या अलीकडे, कारण तिथून तर फुकटच. निवृत्तांचा पास मान्यांनी घरी ठेवावा, मुद्दाम. नव्या कंडक्टरच्या हातात मशीन, तिकीट म्हणजे पातळ कागदाची पट्टी. सुट्टे नाहीत. आता यूपीआय चालतं हे मला ठाऊक आहे, मान्यांकडे नाही म्हणा. पोरगी पेन काढून मागे आकडा लिहिते. हो, कंडक्टर बाई असू द्या, साताऱ्यात आता सर्रास आहेत. माने अलीकडच्या स्टॉपवर उतरतात आणि ते तिकीट ओमच्या हातात राहतं. खाली उभे राहून ते मागायची खूण करतात का, ओम ते खिडकीतून दाखवतो का, गाडी सुटते का, हे तुम्ही ठरवा. मात्र आकडा आधी ठरवा, आणि तो त्या काचेच्या हिशेबातून राहिलेल्या रकमेइतकाच निघाला पाहिजे. कोणाच्या लक्षात नाही आला तरी चालेल.

चौथा ड्राफ्ट पाठवाल तेव्हा हार्ट अटॅक काढलेला असू दे. मान्यांची तब्येत ठणठणीत आहे, हयातीचा दाखला आपण आत्ताच दिलाय.